दाढेतली चांदी: काढायची की राहू द्यायची?

डॉक्टर, नमस्कार. मी ४३ वर्षांची, विट्याला राहते. कॉलेजात असताना मिरजेला चार दाढांत चांदी भरून घेतली होती, आजवर एकदाही दुखलं नाही. गेल्या महिन्यात मुलीची दाढ दाखवायला एका नव्या दवाखान्यात गेले, तर त्यांनी माझंच तोंड तपासलं. ‘यात पारा आहे, चारही काढून टाका, दाताच्या रंगाचं भरून पॅकेजमध्ये करून देतो,’ म्हणाले. घरी येऊन एक व्हिडिओ बघितला, त्यात दातातून चक्क धूर निघताना दिसतो. तेव्हापासून झोप उडाली आहे. माझं डोकं वरचेवर दुखतं, अलीकडे विसरायलाही होतं. ते यामुळेच असेल का? धाकट्या जाऊला पाचवा महिना आहे, तिच्याही एका दाढेत चांदी आहे. मुलगी सात वर्षांची, तिच्या दुधाच्या दाढेत काय भरावं? आणि हसू नका, पण दीर गलाईच्या धंद्यात आहेत. ते म्हणतात, काढलेली चांदी मागून आण, गाळून देतो.
– एक वाचक, विटा

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते. तुम्हाला तो हसण्यासारखा वाटला, पण अख्ख्या पत्रात जिवावर बेतेल असा तोच एक आहे. दिरांना आजच सांगा, दातातली चांदी मुशीत घालायची नाही. कुणाचीही नाही, कितीही थोडी असली तरी नाही. दाढेत भरतात ती निव्वळ चांदी नसते. वजनाने जवळपास निम्मा पारा असतो, उरलेल्या निम्म्यात चांदी, कथील, तांबं आणि कधी किंचित जस्त. चांदी वितळायला ९६१ अंश लागतात, पारा ३५७ अंशांनाच उकळतो. म्हणजे मुशीत चांदीचं पाणी होण्याच्या कितीतरी आधी सगळा पारा वाफ होऊन खोलीभर पसरलेला असतो, आणि त्या वाफेला ना रंग ना वास. १९८९ साली अमेरिकेत मिशिगन राज्यात एका घराच्या तळघरात चांदी काढण्यासाठी दातांचं हेच मिश्रण वितळवलं होतं. घरातली चार मोठी माणसं त्यात दगावली. गलाईवाल्यांचा हात आगीला आणि तेजाबाला सरावलेला असतो, म्हणूनच मला जास्त काळजी वाटते. चांदी मिळणार ती चिमटीत मावेल एवढी. दातातून काढलेले तुकडे दवाखान्यात घट्ट झाकणाच्या बरणीत साठवून घातक कचऱ्यात द्यायचे असतात, घरी न्यायचे नसतात.

आता तुमच्या चार दाढा. दुखत नाहीत, भरलेलं हललेलं नाही, कडेने कीड शिरलेली नाही, असं असेल तर त्यांना हात लावू नका. पॅकेज तर नकोच.

असं म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच: मग पारा सुटत नाही का? सुटतो. काही दंतवैद्य अशा वेळी मिठाचा दाखला देतात. क्लोरीन विषारी, पण मीठ आपण रोज खातो, तसंच हे, असं म्हणतात. मला तो दाखला पटत नाही. मिठातून क्लोरीन वायू बाहेर येत नाही. भरलेल्या चांदीतून मात्र पाऱ्याची थोडी वाफ येत राहते. चावताना, गरम चहा पिताना, आणि विशेषतः रात्री दात खाण्याची सवय असेल तर जरा जास्त. प्रश्न आहे तो किती, याचा. हे प्रमाण दिवसाला काही मायक्रोग्रॅम इतकं असतं, आणि एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. तुम्ही पाहिलेला व्हिडिओ खोटा असेलच असं नाही. पारा एका ठरावीक अतिनील प्रकाशाला फार जोरात अडवतो, त्यामुळे त्या प्रकाशात अगदी थोड्या वाफेचीही दाट सावली पडते. वाफ आहे एवढं त्यातून कळतं. किती आहे, ते कळत नाही.

तुमच्या विसरण्याच्या शंकेला थेट लागू पडणारे दोन मोठे अभ्यास आहेत. एक अमेरिकेत ५३४ मुलांवर झाला, दुसरा पोर्तुगालमध्ये लिस्बनला ५०७ मुलांवर. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाच्या दाढा चांदीने भरल्या, दुसऱ्याच्या दाताच्या रंगाच्या मटेरियलने. मग पाच ते सात वर्षं त्यांची बुद्धी, स्मरणशक्ती, एकाग्रता, मूत्रपिंडं तपासत राहिले. २००६ साली निष्कर्ष छापून आले. चांदीवाल्या मुलांच्या लघवीत पारा थोडा जास्त सापडला, पण स्मरणशक्तीत किंवा बुद्धीत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. वाढत्या वयाच्या मुलांची ही गत, तर वीस-बावीस वर्षं जुन्या चार दाढांवर तुमच्या विसरण्याचं खापर फोडायला मी तयार नाही.

उलट डोकं कशाने दुखतं, हे दुसरीकडे शोधा. सकाळी उठल्या उठल्या कानशिलाशी दुखतं का? जबडा अवघडलेला वाटतो का? मग झोपेत दात खाता का, ते घरच्यांना विचारा. तसं असेल तर रात्री दातांवर घालायची पट्टी बनवून मिळते, ती चार दाढा उकरण्यापेक्षा बरी. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि चष्म्याचा नंबर एकदा तपासून घ्या. चाळिशीनंतर पाळीचं चक्र बदलायला लागलं की विसरणं आणि डोकेदुखी दोन्ही वाढलेल्या मी कितीतरी जणींत पाहिल्या आहेत.

भरलेली चांदी न काढण्याची माझी कारणं दोन आहेत. पहिलं पाऱ्याचंच. भरलेली चांदी शांत बसलेली असते तेव्हा नगण्य वाफ सोडते. तिच्यावर ड्रिल चालवलं की तापते, भुगा उडतो आणि त्या अर्ध्या तासात तुमच्या श्वासात जातो तो पारा एरवीपेक्षा जास्त. पाऱ्याच्या भीतीने दाढ उकरायची आणि त्यातच जास्त पारा ओढायचा, हा उफराटा हिशोब झाला. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने २०२० साली कुणाच्या दातात नव्याने चांदी भरणं टाळावं ते सांगितलं: गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, लहान मुलं, मूत्रपिंडाचे किंवा मज्जासंस्थेचे रुग्ण, पाऱ्याची ॲलर्जी असलेले. पण त्याच पत्रकात हेही सांगितलं की चांगली बसलेली जुनी चांदी, वैद्यकीय कारण असल्याशिवाय काढू नका.

दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं, आणि त्याबद्दल कुणी व्हिडिओ बनवत नाही. भरलेलं काढताना दंतवैद्य कितीही कसलेला असो, थोडा निरोगी दात जातोच. खड्डा दर वेळी मोठा होतो. आज भरलेलं दहा वर्षांनी बदललं, ते आणखी आठ वर्षांनी, असं होत होत भिंती पातळ होतात, एक कोपरा तुटतो, मग रूट कॅनाल, मग कॅप, आणि शेवटी काढायची वेळ. दाढ कुठल्या मटेरियलने भरली यापेक्षा ती आयुष्यात किती वेळा उकरली, यावर ती किती टिकणार ते ठरतं. तुमच्या दाढा एकदाच उकरल्या गेल्यात. हे भाग्य आहे, ते घालवू नका.

भरलेली चांदी काढायची कधी, तेही सांगते. कडेला कीड शिरली असेल, भरलेल्याचा तुकडा पडला असेल, दोन दाढांमध्ये सतत अन्न अडकत असेल, किंवा दाढेला तडा गेला असेल, तर. तड्याची खूण अशी की चावताना फारसं दुखत नाही, दाब सोडताना कळ येते. चांदी दाताला चिकटत नाही, नुसती अडकून बसते. त्यामुळे मोठा खड्डा भरलेला असेल तर वर्षानुवर्षं चावून उरलेल्या भिंतींना चिरा जातात. गालाच्या आतल्या बाजूला नेमकं भरलेल्या दाढेसमोर पांढरं जाळं उमटलं असेल, तर तेही दाखवा. काहींना या धातूंचा असा त्रास होतो आणि भरलेलं बदलल्यावर तो जातो. मात्र दात करडा दिसतो, हिरडीवर निळसर ठिपका आहे, कडेला बारीक काळी रेघ आहे, एवढ्यावर कीड ठरत नाही. कीड आहे म्हणणाऱ्याला एक्स-रेवर दाखवायला सांगा. दोन्ही जबड्यांच्या दाढांचे वरचे भाग एकत्र दिसतात तो छोटा एक्स-रे असतो, त्याला बाइटविंग म्हणतात. ‘चारही काढा’ हे उत्तर मला म्हणूनच खटकलं. चार दाढा म्हणजे चार वेगळे रुग्ण. प्रत्येकीचं कारण वेगळं सांगता आलं पाहिजे.

जाऊबाईंना सांगा, बाळंत होऊन पाजणं थांबेपर्यंत त्या चांदीला कुणालाही हात लावू देऊ नका. भरायचीही नाही, काढायचीही नाही. पारा वारेतून बाळापर्यंत जातो, म्हणून नवी वाफ उठवायची नाही, इतकं साधं. पण याचा अर्थ गरोदरपणात दातांकडे बघायचंच नाही, असा सासूबाईंनी घेऊ नये. दाढ ठणकत असेल, हिरडी सुजून रक्त येत असेल, तर पाचवा महिना उपचाराला उत्तम काळ आहे. दुसरी दाढ किडली असेल तर बिनपाऱ्याचं मटेरियल भरता येतं. नऊ महिने ठणका अंगावर काढणं आणि वेदनाशामक गोळ्या मनानेच घेत राहणं, त्याची मला जास्त भीती वाटते.

तुम्ही म्हणाल, चांदी एवढी निरुपद्रवी असेल तर जग तिच्यामागे का लागलंय? लागलंय खरं. नॉर्वे आणि स्वीडनने पंधराएक वर्षांपूर्वीच ती जवळपास बंद केली. युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून, अगदी वैद्यकीय गरज असल्याशिवाय, भरता येत नाही. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारात भारत २०१८ पासून सामील आहे. त्या करारातल्या देशांनी २०२२ मध्ये ठरवलं की पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि पाजणाऱ्या बायका यांच्या दातांत चांदी भरू नये, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात जिनिव्हाला ठरलं की २०३४ पर्यंत ती जगभरातूनच संपवायची. यामागे काळजी आहे ती तुमच्या दाढेपेक्षा दाढेबाहेर गेलेल्या पाऱ्याची. दवाखान्यातल्या थुंकीच्या भांड्यातून तो गटारात जातो, तिथून नदीत, आणि गाळातले जीवाणू त्याचं मिथाइल पारा नावाचं जास्त घातक रूप बनवतात, ते माशांत साठतं. जपानमधल्या मिनामाता गावात १९५६ साली उघडकीस आलेला आजार त्याच मिथाइल पाऱ्याचा होता. तो एका रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातून आला होता, दातांतून नव्हे. आपल्याकडे दहन करतात, तेव्हा दाढेतला पाराही चितेच्या धुरातून हवेत जातो. ब्रिटनमध्ये दाहिन्यांच्या धुराड्यांना पारा अडवणारी गाळणी बसवावी लागली ती यासाठीच. तेव्हा नवी चांदी भरू नका, हा सल्ला योग्यच आहे. त्यावरून जुनी उकरा, असा निष्कर्ष काढणं हा धंदा आहे.

पुढेमागे एखादी दाढ खरंच बदलावी लागली, तर रबर डॅम लावून करून घ्या. रबराचा पातळ पडदा असतो, त्यातून फक्त ती दाढ वर काढतात. भुगा घशात जात नाही. जोडीला जोरदार सक्शन आणि भरपूर पाण्याचा फवारा हवा, आणि चांदी भुगा न करता तुकडे पाडून काढायची. मग तिथे भरायचं काय?

बहुतेक वेळा कंपोझिट. काचेची बारीक पूड रेझिनमध्ये, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकमध्ये, कालवलेली असते, निळा प्रकाश दाखवला की काही सेकंदांत घट्ट होते. ती दाताला चिकटते, हा तिचा खरा गुण. रंग दिसतो म्हणून लोक मागतात, पण माझ्या लेखी तो दुय्यम. १९५५ साली अमेरिकेत मायकेल ब्युनोकोर यांच्या लक्षात आलं की लोखंडावर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यात फॉस्फोरिक आम्ल लावतात, ते दातावर लावलं तर एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, खरखरीत होऊन रेझिन पकडून ठेवतं. चांदी अडकून राहावी म्हणून खड्डा आतून रुंद कोरावा लागायचा, चांगला दात जायचा. कंपोझिटला फक्त किडलेलं काढलं की पुरतं.

पण ते लाडावलेलं मटेरियल आहे. चांदी थोड्या लाळेतही जमायची. कंपोझिटला ओल अजिबात चालत नाही. आम्ल लावल्यावर लाळेचा एक थेंब आला की चिकटणं बिघडलं. घट्ट होताना ते किंचित आक्रसतं, म्हणून दोन-दोन मिलिमीटरचे थर देत प्रत्येक थराला प्रकाश दाखवावा लागतो. घाईत मोठा गोळा दाबला तर कडेला फट राहते, थंड पाण्याने झिणझिणतं आणि दोन-तीन वर्षांत खालून कीड लागते. दोन्ही मटेरियलची तुलना करणाऱ्या अभ्यासांत दाढांमधली कंपोझिट चांदीपेक्षा लवकर निकामी झाली, त्याचं मुख्य कारण ही नव्याने लागणारी कीड. तेव्हा डॉक्टरांना कंपनी कुठली हे विचारण्यापेक्षा विचारा, रबर डॅम लावणार का, आणि एका दाढेला किती वेळ देणार. ‘चारही दाढा एका बैठकीत, तासाभरात’ असं उत्तर आलं तर चप्पल घालून निघा. आणखी एक ऐकाल, की कंपोझिटमधून प्लास्टिकचं रसायन झिरपतं. भरल्यानंतर थोडा वेळ अत्यल्प प्रमाणात झिरपतं. पृष्ठभाग नीट घासून, पुसून, चूळ भरली की बरंचसं जातं.

दुसरं ग्लास आयोनोमर. विल्सन आणि केंट या दोघांनी लंडनमध्ये शोधलेलं, १९७२ पासूनचं. हे ओल सहन करतं, दाताशी रासायनिक बंध जोडतं आणि हळूहळू फ्लोराइड सोडतं. ताकद मात्र कमी, मोठ्या माणसाच्या चावायच्या दाढेवर झिजतं. आपल्या भागात त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो तो हिरडीलगत. मिश्री घासघासून दाताच्या मानेशी खाचा पडलेल्या आज्ज्या-मावश्या माझ्याकडे रांगेने येतात. त्या खाचांत हे छान बसतं. मिश्री सुटली नाही तर तेही घासून जातं, ही गोष्ट वेगळी.

तिसरं, लवंगेच्या तेलाचा वास येणारं पांढरं सिमेंट. ते तात्पुरतं असतं, ठणका थांबवायला. ठणका थांबला की माणूस परत फिरकत नाही आणि सहा महिन्यांनी दाढ फुटूनच येते. आपल्याकडे या तिन्हींना सरसकट ‘सिमेंट भरलं’ म्हणतात, म्हणून बिलावर मटेरियलचं नाव लिहून घेत जा. पुढच्या डॉक्टरला तेवढी एक ओळ फार उपयोगी पडते. लवंग तेलाच्या सिमेंटवर थेट कंपोझिट लावलं तर ते नीट घट्टच होत नाही.

आता लेक. दुधाची दाढ आहे, पडणारच आहे, म्हणून सोडू नका. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात आणि त्या नंतर येणाऱ्या कायमच्या दातांची जागा राखतात. तिच्या दाढेत चांदी नको, ते वर आलंच. खड्डा लहान असेल तर ग्लास आयोनोमर पुरेल. दोन बाजूंनी किडली असेल तर स्टीलची तयार टोपी बसवतात. स्कॉटलंडच्या नोर्ना हॉल यांच्या पद्धतीत तर न कोरता, इंजेक्शनशिवाय, किडीवरच टोपी दाबून बसवतात. आत कोंडलेली कीड उपासमारीने थांबते. मात्र कीड दाताच्या आतल्या नसेला जाऊन भिडलेली नसावी, रात्री ठणका लागत नसावा. टोपी चंदेरी दिसते म्हणून आया नाक मुरडतात. मुलांना बहुधा ती आवडते.

तिला उजेडात बसवा आणि शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे बघा. तिथे एक मोठी, खोल घड्या असलेली दाढ आलेली असेल. ती सहाव्या वर्षी येते, तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे निम्म्या पालकांना ती आली हे कळतच नाही. दुधाचीच समजून सोडून देतात. ती कायमची आहे. अजून किडली नसेल तर तिच्या घड्या सीलंट नावाच्या पातळ लेपाने बंद करून घ्या, त्याला ड्रिल लागत नाही. पेस्ट फ्लोराइडची, निदान १००० पीपीएमची घ्या, वाटाण्याएवढीच, आणि घासल्यावर नुसतं थुंकू द्या, खळखळून चूळ नको. रात्री घासल्यानंतर दूध-बिस्किट बंद. एवढं या आठवड्यात सुरू करा. तुमच्या चार दाढांचा बाइटविंग पुढच्या महिन्यात काढला तरी चालेल.